चाक तापतंय, पण खोट होजमधे असू शकते

प्रश्न : दादा नमस्कार. माझी २०११ ची पिकअप आहे, पुढं डिस्क, मागं ड्रम. ओतूरहून माळशेज घाटातनं कल्याणला भाजी नेतो, आठवड्याला चार खेपा. महिनाभर झालं, घाट उतरून टोकावड्याला चहाला थांबलो की पुढचं डावं चाक तापलेलं असतं, जळका वास येतो आणि ब्रेक सोडल्यावरही गाडी डावीकडं ओढते. पॅड बदलले, कॅलिपरला (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) नव्या रबरी सीलचं किट टाकलं, चार दिवस बरं गेलं की परत तेच. चाकाकडं ब्रेक ऑइल नेणारे रबरी होज पाईप बाहेरनं बारीक चिरलेत पण गळत नाहीत, मेकॅनिक म्हणतो गळत नाही तोवर हात लावू नको.

उत्तर : भाऊ, पहिली गोष्ट, हे तपासून होईपर्यंत भरलेली गाडी घाटात घालू नका. चाक तापलं की कॅलिपरमधलं ब्रेक ऑइल तापतं, आणि जुन्या ऑइलनं हवेतलं पाणी ओढून घेतलेलं असतं. नवं डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल २०५ डिग्रीच्या खाली उकळत नाही, पण पाणी ओढलेलं १४० च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की त्याची वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं, तेही उतारावर.

आता मेकॅनिकच्या बोलण्याबद्दल. होज गळायच्या आधी आतनं बिघडू शकतो, आणि ते बाहेरनं दिसत नाही. मी असाच एक काढलेला होज ब्लेडनं उभा चिरून बघितला होता. आतलं भोक जेमतेम ३ मिमीचं, त्यात रबराचं अस्तर सुटून जिभेसारखं लोंबत होतं, आणि मधे होज धरून ठेवणारी लोखंडी पट्टी असते ना, तिच्याखाली गंज फुगून त्यानं रबर आवळलं होतं. पायाचा जोर लागला की ऑइल त्यातनंही पुढं घुसतं, पण पाय काढल्यावर परत यायला जोर कुठाय, कॅलिपरमधल्या पिस्टनचं (पॅड ढकलणारा दट्ट्या) रबरी सील सैल होताना ढकलेल तेवढाच, म्हणून ऑइल तिकडंच अडकतं आणि पॅड डिस्कला चिकटून राहतात.

तुमच्या गाडीत हेच आहे का ते अर्ध्या तासात कळेल. सपाट जागी मागच्या चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून अडसर) लावा, पुढचं डावं चाक जॅकवर उचला, चासीखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावा, नुसत्या जॅकवर कधीच नको. कुणाला तरी ब्रेक दाबून सोडायला सांगा आणि चाक हातानं फिरवा. जाम असेल तर आधी होजच्या वर, चासीच्या बाजूला लोखंडी पाईपचा नट जरा ढिला करा. तिथंच चाक सुटलं तर दोष वर, मास्टर सिलिंडरकडं, म्हणजे पेडलनं ऑइल ढकलणाऱ्या पंपाकडं. नाही सुटलं तर तो नट आवळून कॅलिपरची ब्लीडिंग निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) उघडा, थोडं ऑइल उडून चाक मोकळं झालं की दोष होजचा. निपल उघडूनही जामच असेल तर मात्र पिस्टन नाहीतर कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना अडकल्यात. सांडलेलं ऑइल लगेच पाण्यानं धुवा, रंग खातं ते, आणि नंतर ब्रेकच्या पाईपातली हवा काढल्याशिवाय गाडी हलवू नका.

चिरा म्हणाल तर होज हलका वाकवून बघा, आतला दोरा दिसला तर तो होज संपला, टेप गुंडाळून काही होत नाही. कुणी ब्रेक जोरात दाबून धरला असताना होज कुठं फुगतो का तेही बघा.

बदलायचेच तर तिन्ही बदला, पुढचे दोन आणि चासीवरनं मागच्या एक्सलवर उतरणारा एक, कारण तिघांचं वय सारखंच. होजच्या जोडावरचे तांब्याचे वॉशर नवेच टाका. होजवर उभी रेघ असेल तर ती पीळ न पडता सरळ राहिली पाहिजे, आणि शेवटी स्टेअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून होज टायरला घासत नाही ना, ताणत नाही ना ते स्वतः खाली वाकून बघा. काम करताना कॅलिपर होजला लटकत ठेवू देऊ नका, तारेनं बांधायला सांगा, चांगला होज तिथंच मरतो.

अजून एक, पावसाळ्याआधी गाडीला खालनं डिझेल-ऑइलचा फवारा मारतात. स्प्रिंगच्या पाट्यांना ठीक असेल, होजच्या रबराला अजिबात चांगला नाही. होज झाकून घ्या.

प्रश्न : कुंभार्ली घाटात ब्रेक ऑइल कमी झालं म्हणून ड्रायव्हरनं इंजिन ऑइल ओतलं. ब्रेक लागतायत. चालवू का? (चिपळूण)

उत्तर : नका चालवू, आज लागतायत म्हणूनही नका. ब्रेक ऑइलच्या डब्यातलं वरचं थोडं ऑइल काढून पाण्याच्या ग्लासात टाका, ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, वर तवंग तरंगला तर इंजिन ऑइल आतच आहे. त्यानं ब्रेकमधलं रबर फुगतं, मास्टर सिलिंडरचे रबरी वॉशर, कॅलिपरची सील, होज, सगळंच. लोखंडी पाईप धुऊन काढा आणि रबराचा प्रत्येक भाग नवा टाका. आणि मुळात ऑइल कमी का झालं होतं ते शोधा, ड्रममधले लायनर किंवा डिस्कचे पॅड झिजलेत की कुठं गळतंय. गाडी गॅरेजला टोचन करूनच न्या.