वाचकांचे प्रश्न : पुढच्या एक्सलचा क्रॉस तुटल्यावर

प्रश्न : लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त जोर देणाऱ्या गिअरमध्ये) खडकाळ चढ चढताना स्टिअरिंग पूर्ण वळलेलं होतं. रेस दिली आणि पुढच्या चाकातून मोठा आवाज आला. शाफ्ट काढला तर क्रॉसची (दोन शाफ्ट जोडणाऱ्या युनिव्हर्सल जॉइंटमधला चार भुजांचा तुकडा) एक भुजा तुटलेली आणि भुजेच्या टोकावरचा एक बेअरिंग कप निखळून गेलेला दिसला. गाडीला पुढे सलग लोखंडी एक्सल आहे. नुसता क्रॉस बदलून भागेल का?

उत्तर : ते योकच्या, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या काट्याच्या, कानांवर ठरेल; क्रॉसचे कप याच कानांच्या भोकांत बसतात. क्रॉस मोडतो तेव्हा कान ताणले जातात आणि कपाचं भोक किंचित लांबट होतं. हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून भोक स्वच्छ पुसा आणि नवा कप हाताने आत ढकलून बघा. चांगल्या कानात कप जेमतेम काठावर टेकतो, पुढे तो दाबूनच बसवावा लागतो. अंगठ्याच्या जोरावर सरसर आत गेला, तर तो शाफ्ट बाद समजा. भोकाच्या कडेला पंच मारून कप आवळायचा किंवा वेल्डिंग भरायचं, असं कोणी सुचवलं तर ठाम नकार द्या. शाफ्टचं पोलाद उष्णता देऊन कडक केलेलं असतं. वेल्डच्या कडेने ते पुन्हा तडकतं, आणि तेही ऐन चढावर.

कान ठीक निघाले तरी सर्क्लिपची (कप जागेवर धरणारी स्प्रिंगची क्लिप) खाच बघा. खाचेची कड गोल झाली असेल तर क्लिप टिकणार नाही. शाफ्टच्या स्प्लाइनवर (टोकाजवळच्या लांब दात्यांवर) सरळ पट्टी ठेवा. दाते पट्टीला समांतर नसून थोडे तिरके धावत असतील, तर शाफ्ट पिळला गेला आहे, तोही बदला. ही तपासणी आतला लांब शाफ्ट आणि बाहेरचा आखूड शाफ्ट, दोन्हींची करा. निखळलेला कप फिरता फिरता नकलला (एक्सलच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग) आणि बॉल जॉइंटच्या रबराला मारतो, तिकडेही नजर टाका.

आता तुटलं का ते. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ४, लो रेंजचं २.५ आणि क्राउन-पिनियनचं (एक्सलमधल्या शेवटच्या गिअरजोडीचं) ४ धरलं, तर इंजिनचा टॉर्क (फिरवणारा जोर) एक्सलपर्यंत ४० पट होतो. सरळ चाकावर क्रॉस तो बराचसा झेलतो. चाक ३० अंश वळलं की पिळासोबत कान फाकवणारा जोर तयार होतो आणि तो मूळ टॉर्कच्या निम्म्याच्या वर जातो. शिवाय त्या कोनात चाकाचा वेग दर फेरीत दोनदा सुमारे १५ टक्के वाढतो आणि दोनदा सुमारे १३ टक्के घटतो, म्हणजे भार धक्क्याधक्क्याने येतो. सगळ्यात वाईट क्षण म्हणजे हवेत भरभर फिरणारं चाक अचानक दगडाला टेकतं तो. पुढे डिफ लॉक (डावं-उजवं चाक एकाच वेगाने फिरायला लावणारी यंत्रणा) असेल तर पुढच्या एक्सलचा सगळा टॉर्क त्या एकाच क्रॉसवर येऊ शकतो. म्हणून पूर्ण वळलेल्या स्टिअरिंगवर रेस देऊ नका. थोडं मागे घ्या, चाकं सरळ करा आणि मग चढा.

प्रश्न : हे काम घरी करता येईल का? प्रेस नाही, मजबूत व्हाइस आहे.

उत्तर : येईल. हबच्या (चाक ज्यावर बसतं तो भाग) मध्यभागी मोठा नट असेल तर गाडी जमिनीवर असतानाच तो सैल करा. मग एक्सलच्या नळीखाली घोडी लावून चाक काढा. ब्रेक कॅलिपर तारेने टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. एबीएस सेन्सर असेल तर आधी सोडवा. हब युनिट, म्हणजे बेअरिंगसह एकसंध हब, नकलच्या मागून येणाऱ्या बोल्टांनी धरलेलं असतं. ते बोल्ट पूर्ण काढू नका. काही आटे सैल करा आणि बोल्टच्या डोक्यावर सॉकेट ठेवून आलटून पालटून ठोका, गंजलेलं हब सरकत बाहेर येतं. त्यानंतर शाफ्ट उचलून धरत सरळ रेषेत ओढा. बऱ्याच एक्सलमध्ये ऑइल सील आत, डिफरन्शियलजवळ असतं. शाफ्टचं वजन त्यावर घासलं की सीलचा रबरी ओठ कापला जातो आणि काही दिवसांनी नळीतून गिअर ऑइल गळू लागतं. नळीत तुटलेल्या नीडल (कपातल्या बेअरिंगच्या बारीक सुया) पडल्या असतील तर शाफ्ट परत घालण्याआधी चुंबकाने आणि कापडाने काढा.

क्लिप काढा, कपांवर गंज सोडवणारं तेल मारून थोडा वेळ थांबा. व्हाइसच्या एका जबड्याकडे कपापेक्षा थोडा लहान सॉकेट, दुसरीकडे कप आत मावेल एवढा मोठा सॉकेट ठेवा आणि आवळा. कानावर हातोडा मारू नका. नवीन कप घालताना सगळ्या नीडल ग्रीसमध्ये उभ्या चिकटलेल्या आहेत का ते बघा. क्रॉस कपात धरून ठेवत व्हाइस हळूहळू आवळा. क्लिपला अर्धा मिलिमीटर जागा कमी पडतेय असं वाटलं, तर जवळजवळ नक्की एक नीडल आडवी पडून कपाच्या तळाशी गेलेली असते. तिथे जोर लावाल तर कप फुटेल. उघडा, नीडल उभी करा आणि पुन्हा बसवा.

चारही क्लिप बसल्यावर जॉइंट दोन्ही दिशांना हलवा. अडखळत असेल तर कानाच्या बाजूवर पितळी ड्रिफ्टने हलका ठोका द्या, कप बाहेर सरकून क्लिपला टेकतो आणि जॉइंट मोकळा होतो. नट आणि हबचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच आवळा, अंदाजाने नाही. चाक लावण्याआधी स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून शाफ्ट हाताने फिरवा. कानाला कान किंवा कान नकलला लागत असेल, तर स्टिअरिंगचा स्टॉप बोल्ट थोडा बाहेर काढा. हे पाहिलं नाही तर नवीन क्रॉसही त्याच जागी तुटेल.

प्रश्न : जंगलात क्रॉस तुटला तर तसंच चालवत घरी येता येईल का?

उत्तर : तुटलेला जॉइंट फिरत ठेवून नाही. मॅन्युअल लॉकिंग हब (चाक शाफ्टपासून हाताने सोडता येणारे हब) असतील तर दोन्ही फ्री करा, शाफ्ट काढा आणि टू-व्हील ड्राइव्हमध्ये या. हब युनिट असेल तर आखूड शाफ्ट क्रॉसपासून वेगळा करा, परत हबमध्ये घाला आणि नट नीट आवळा. पुष्कळ हब युनिटमध्ये हाच शाफ्ट बेअरिंगला एकत्र धरतो; तो नसताना चालवलं तर बेअरिंग सुटून चाक निघू शकतं. लांब शाफ्ट काढल्यावर उघड्या नळीत स्वच्छ कापड कोंबा आणि घरी पोहोचताच डिफचं तेल तपासा. फुल-टाइम फोर बाय फोर असेल तर पुढचा प्रॉपेलर शाफ्ट काढून सेंटर डिफ (पुढच्या-मागच्या एक्सलमधला डिफरन्शियल) लॉक करावा लागतो, नाहीतर गाडी जागची हलणार नाही.

प्रश्न : ग्रीस निपलवाला (बाहेरून ग्रीस भरता येणारा) क्रॉस घ्यावा की बंद?

उत्तर : निपलसाठी भुजा आतून पोकळ केलेली असते, त्यामुळे भरीव क्रॉस जास्त ताकदवान. दगडांवर चालणाऱ्या गाडीला आम्ही भरीवच सुचवू. गाडी सतत चिखल-पाण्यात असेल आणि प्रत्येक सफरीनंतर ग्रीस गन चालवायची तुमची तयारी असेल, तरच निपलवाला घ्या. ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, ईपी (जास्त दाब सोसणारं), एनएलजीआय २ (घट्टपणाचा दर्जा) असं घ्या.

प्रश्न : आमच्या गाडीत क्रॉस नाही, बंद गोल नकलमध्ये बर्फिल्ड जॉइंट (गोळ्यांवर चालणारा जॉइंट) आहे. वळताना कट-कट आवाज येतो.

उत्तर : जॉइंट उघडा आणि सहा गोळ्या ज्या पिंजऱ्यात बसतात त्याच्या खिडक्या बघा. कडेला खड्डे किंवा तडा दिसला तर पूर्ण जॉइंट बदला. नकलमधलं ग्रीस पातळ, काळं आणि गिअर ऑइलच्या वासाचं असेल, तर आतलं एक्सल सील गेलं आहे. ते बदलल्याशिवाय नवीन जॉइंट घालणं म्हणजे पैसे वाया. भरताना मॉलिब्डेनमवालं ग्रीस आधी गोळ्यांच्या मधे दाबून घाला, मग नकलचा पोकळ भाग सुमारे तीन-चतुर्थांश भरा.