बांध फुटतो तो कुठे आणि का?

प्रश्न (सिन्नर तालुका): आमच्या काळ्या रानात जुने समतल बांध आहेत. जोराचा पाऊस झाला की एखादा तरी फुटतोच. बुजवून बुजवून थकलो. काम कच्चे होते की मातीच तशी?

उत्तर: बहुधा बांधाचा प्रकारच तुमच्या मातीला जुळत नाही. समतल बांध पाणी अडवून जागीच जिरवतो. आपल्याकडे कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ पासून सोलापूरला रुजले. पुढे १९४२ चा मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा आला आणि गावेच्या गावे बांधबंदिस्तीखाली आली. कमी पाऊस आणि पाणी मुरणारी जमीन असेल तिथे हे बांध टिकतात. भारी काळी माती मात्र ओली झाली की फुगते, भेगा मिटतात आणि मुरणे जवळपास थांबते. मग बांधाच्या पोटाशी पाणी तुंबते, पीक पिवळे पडते आणि सर्वांत खोलगट जागी बांध सुटतो. उन्हाळ्यात बांधालाही भेगा पडलेल्या असतात. पहिल्या सरीचे पाणी त्यातून आत शिरून त्याला पोखरते, हे सहसा लक्षात येत नाही.

अशा जमिनीला ढाळीचे बांध हवेत. त्यात पाणी अडून न राहता बांधालगत हळूहळू सांडव्याकडे, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडायच्या जागेकडे, सरकते. ढाळ ०.२ टक्के ठेवा, म्हणजे १० मीटरला २ सेंमी. आखणीला पाणी भरलेली १२ मीटर पारदर्शक नळी आणि सेंमीच्या खुणा केलेल्या दोन काठ्या पुरतात. सांडव्याकडे जाताना पुढच्या काठीवरचे पाण्याच्या पातळीचे माप दर १० मीटरला २ सेंमी जास्त यायला हवे. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळी आखणी चुकते, म्हणून आधी दोन्ही टोके शेजारी धरून पातळी जुळते का पाहा. जमिनीला २ टक्के उतार असेल तर दोन बांधांत साधारण ४० मीटर अंतर धरा, ३ टक्क्यांना ३०.

आधी सांडवा आणि पाण्याची वाट करा, तिच्यावर मारवेल गवत धरू द्या, बांध त्यानंतर. लोक उलटे करतात आणि पहिल्याच पावसाळ्यात वाटेची घळ होते. वाट शेजाऱ्याच्या रानात सोडायची असेल तर बोलणी उन्हाळ्यातच उरका!

फुटलेली जागा नुसती माती लोटून भरू नका. दोन्ही कडा घट्ट मातीपर्यंत पायऱ्या-पायऱ्यांनी खोदा, तळाचे गवत खरवडा, १५ सेंमीचे थर देऊन ओले करून धुमसा. माती बसते, म्हणून उंची २० ते २५ टक्के जास्त ठेवा.

प्रश्न (दिंडोरी तालुका): ४ टक्के उताराच्या रानात सोयाबीन आहे. उताराला आडव्या पेरणीने खरोखर किती माती वाचते?

उत्तर: अमेरिकेतल्या विश्मायर आणि स्मिथ यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या धूपसूत्रात पावसाचा जोर, मातीचा स्वभाव, उताराची लांबी, उताराची तीव्रता, पीक-आच्छादन आणि मशागतीची पद्धत यांचा गुणाकार असतो. २२.१ मीटर लांब, ९ टक्के उताराचा उघडा पट्टा हे त्याचे प्रमाण माप. ३ ते ८ टक्के उतारावर आडव्या मशागतीचा गुणक ०.५ धरतात, म्हणजे वरखाली मशागतीच्या तुलनेत धूप निम्मी. हा हिशेब वर्षांच्या सरासरीचा आहे. एका ढगफुटीला तो लागू नाही, आणि घळीतून गेलेली माती त्यात येत नाही.

अट एकच: तुमच्या उतारावर सलग लांबी ९० मीटरच्या आत असावी. लांब उतारावर वरची एक सरी फुटली की तिचे पाणी खालच्या सरीत येते, तीही फुटते, आणि तासाभरात रानात वरपासून खालपर्यंत ओघळ दिसतो. मध्ये एखादा बांध किंवा गवताचा पट्टा घातला की ही साखळी तुटते.

आच्छादनाचे महत्त्व त्याहून जास्त. १९४० च्या दशकात अमेरिकेतले मृदा संशोधक एलिसन यांनी दाखवले की पाणी वाहू लागण्याआधीच थेंबाचा आघात माती सुटी करतो. पावसानंतर सोयाबीनच्या खालच्या पानांवर चिखलाचे शिंतोडे बघा, ती तुमचीच माती. पेरणीनंतर ओळींमध्ये हेक्टरी ५ टन गव्हाचे काड पसरा. वाऱ्याने उडू नये म्हणून ओल्या जमिनीवर टाका, आणि ढिगाने न टाकता पातळ पसरा, नाहीतर उगवण दबते.