बंदरातला गाळ समुद्रात कुठे टाकायचा?

प्रश्न : बंदरातून उपसलेला गाळ टाकायला किनाऱ्यापासून लांब, भरपूर खोल जागा मिळाली की झालं, असं नाही का?

उत्तर : नाही. खोलीच्याही आधी ठरवायचं ते हे, की टाकलेला गाळ तिथेच पडून राहायला हवा की प्रवाहाने पांगायला हवा? तळाशी जोराचा प्रवाह असेल तर पहिल्या हेतूसाठी तो दोष, दुसऱ्यासाठी गुण. हे न ठरवता मोजमापं केली तर आकडे मिळतात, निर्णय मिळत नाही.

खोलीचा भरवसा किती धरावा तेही बघा. लाटेचा परिणाम साधारण तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोचतो. दर १० सेकंदांनी येणाऱ्या लाटेची लांबी खोल समुद्रात सुमारे १५६ मीटर, म्हणजे ७८ मीटरपर्यंत पाणी ढवळलं जातं. ३० मीटर खोलीची जागा शांत दिवसांत निवांत दिसते आणि वादळात तिथलाच चिखल उठतो.

लांब जाण्याचीही किंमत असते. जागा १० नॉटिकल मैल आणखी दूर नेली तर ८ नॉटच्या (तासाला ८ नॉटिकल मैल) बार्जची, म्हणजे गाळ वाहून नेणाऱ्या सपाट नौकेची, प्रत्येक फेरी अडीच तासांनी वाढते. हवा बिघडली की जागेवर पोचण्याआधीच बार्जच्या तळाची दारं उघडून गाळ सोडण्याचा मोह होतो तो इथेच. म्हणून आधी परवडेल तेवढ्या अंतराचं वर्तुळ नकाशावर काढतात, मग त्यातून जलमार्ग, नांगर टाकायच्या जागा, केबल, पाइपलाइन, प्रवाळ, माशांची अंडी घालण्याची ठिकाणं, मासेमारीची मोक्याची मैदानं खोडत जातात. सर्वेक्षण करायचं ते उरलेल्या तुकड्यांचं.

प्रश्न : बारीक गाळ तरंगत भलतीकडे जात नाही का?

उत्तर : सुटा कण जाईल. १० मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा) कण सेकंदाला ०.०९ मिलिमीटर या गतीने बुडतो, ३० मीटर उतरायला त्याला जवळजवळ चार दिवस लागतात. पण दारं उघडल्यावर गाळ कणाकणाने पडत नाही. अख्खा लोट एकदम खाली जातो, वाटेत पाणी ओढून घेतो, तळावर आदळतो आणि बुटक्या थरासारखा चहूकडे सरकतो. मागे पाण्यात रेंगाळतो तो थोडासाच भाग.

हे गणित उपशाच्या पद्धतीवर फिरतं. ग्रॅबने, म्हणजे जबड्यासारख्या मिटणाऱ्या बादलीने, काढलेली चिकणमाती ढेकळांसकट पडते. सक्शन ड्रेजर म्हणजे गाळ पाण्यासकट शोषून घेणारं जहाज; त्याच्या हॉपरमधला (साठवणीच्या कोठीतला) गाळ पातळ, तो जास्त पसरतो. फार खोल पाण्यात तर वरचं उबदार आणि खालचं थंड पाणी यांचे थर असतात. पातळ झालेला लोट खाली पोचण्याआधीच त्यांच्या सीमेवर अडकून आडवा पसरू शकतो. अशा वेळी जास्त खोली उलट नडते.

प्रश्न : सर्वेक्षणात नेमकं काय मोजतात?

उत्तर : मल्टीबीमने, म्हणजे ध्वनिलहरींनी एकाच वेळी तळाचा रुंद पट्टा मोजणाऱ्या यंत्राने, तळाचा नकाशा. प्रवाहमापक तळावर बसवून निदान १५ दिवस, म्हणजे उधाण आणि भांग दोन्ही पदरात पडतील इतका वेळ, आणि तेही प्रत्येक ऋतूत. ०.१ चौरस मीटरच्या ग्रॅबने तळाची माती घ्यायची, एकेका ठिकाणी तीन ते पाच वेळा, आणि १ किंवा अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून त्यातले जीव मोजायचे. वाळूच्या तळावर चिखल टाकला तर तिथली वस्तीच बदलते, म्हणून कणांचा आकार जुळतो का ते याच टप्प्यावर कळायला हवं.

हमखास राहून जाते ती जागेबाहेरची, तशाच तळाची तुलनेची ठिकाणं. ती नसतील तर पुढे जीव घटले ते गाळामुळे की ऋतूमुळे, हे कुणालाच सांगता येत नाही.

क्षमतेचा हिशेबही फसवा असतो. १० लाख घनमीटर गाळ एक चौरस किलोमीटरवर सरासरी एक मीटर चढतो, पण सगळ्या बार्ज एकाच बोयाशी (तरंगत्या खुणेशी) रिकाम्या झाल्या तर मधोमध टेकडी उभी राहते. अमेरिकेत कोलंबिया नदीच्या मुखाशी अशाच ढिगाऱ्यांनी लाटा उंचावल्या, नौकांना धोका झाला, आणि २००५ मध्ये नव्या जागा ठरवाव्या लागल्या. जागेचे चौकोन पाडून फेऱ्या वाटून द्या, आणि प्रत्येक बार्जवर जीपीएससोबत ड्राफ्टची (बार्ज पाण्यात किती खोल बुडाली आहे त्याची) नोंद ठेवा. गाळ कुठे सुटला ते ड्राफ्ट कमी झालेल्या क्षणावरून कळतं.

प्रश्न : गाळात जड धातू निघाले तर?

उत्तर : मग जागेचा शोध थांबवा, आधी गाळाची चाचणी. समुद्रात टाकाऊ पदार्थ टाकण्यावर बंधनं घालणाऱ्या १९९६ च्या लंडन प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय करारानुसार उपसलेला गाळ समुद्रात टाकण्याचा विचार करता येतो, पण परवाना लागतो आणि पुनर्वापर किंवा जमिनीवरचे पर्याय आधी तपासावे लागतात. रासायनिक आकड्यांवर भागत नसेल तर जिवंत प्राण्यांवर चाचणी करतात. दूषित गाळावर स्वच्छ वाळूचं पांघरूण घालता येतं, मात्र फक्त शांत तळाच्या जागी, आणि वाळू हळूहळू शिंपडूनच. एकदम ओतली तर ती खालच्या मऊ चिखलात घुसते आणि चिखल बाजूने वर येतो.