गडद आयरिस पहिल्यांदा लावताना

'काळा आयरिस' म्हणून जो मिळतो तो खरा काळा नसतो, गडद जांभळाच असतो. पाकळी उन्हासमोर धरलीत की लगेच कळतं. आधीच सांगतो, नंतर हिरमोड नको. जात निवडायची तर 'हॅलो डार्कनेस' बघा. १९९९ चं डाइक्स पदक, म्हणजे अमेरिकेत आयरिसच्या जातीला मिळणारा सर्वोच्च मान, तिलाच मिळालं होतं.

लावताना कंद बटाट्यासारखा पुरू नका. आडवा ठेवा, मुळं दोन्ही बाजूंनी खाली पसरवा, पाठ उघडी राहू द्या. माती निचऱ्याची, ऊन किमान सहा तास. पाणी बेतानं. कंद दाबून मऊ लागला, घाण वास आला, तर कूज लागली समजा. तेवढा भाग कापून उरलेला सुकवा, मग लावा. नत्राचं खत हात आखडूनच द्या, नाहीतर पानं माजतात नि फुलाचा पत्ता नसतो.

गडद रंगाची एक खोड आहे. कडक उन्हात या पाकळ्या जास्त तापतात, कडा करपतात. म्हणून सकाळचं ऊन भरपूर आणि दुपारनंतर थोडी सावली, अशी जागा उत्तम. मागे मात्र काहीतरी फिकट हवंच, पांढरी भिंत किंवा पिवळी फुलं. गर्द झुडपापुढे लावलंत तर चार पावलांवरून फूल दिसायचंसुद्धा नाही! तीन-चार वर्षांनी गर्दी झाली की बहर ओसरल्यावर कंद वेगळे करा.