गुरुवारी ते बोलतात, मग घरी का नाही?

ताई,
आम्ही वर्तकनगरला राहतो. ह्यांची वागळे इस्टेटमधली कंपनी दोन वर्षांपूर्वी बंद पडली. आता एका गोडाऊनवर सुपरवायझर आहेत, पगार निम्मा. तेव्हापासून घरात बोलणं जवळजवळ थांबलंय. दिवाळीनंतर दर गुरुवारी संध्याकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये पुरुषांचा एक गट जमतो, तिथे जायला लागले. काय चालतं विचारलं की ‘काही नाही, गप्पा.’ परवा खालच्या मजल्यावरच्या वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, ‘भाऊजी त्या दिवशी खूप रडले म्हणे. मुलीच्या फीसाठी तुमचे दागिने मोडावे लागले ते सांगताना.’ त्यांचे मिस्टरही त्याच गटात आहेत. सव्वीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना एकदाच रडताना पाहिलं, सासूबाई गेल्या तेव्हा. परक्यांपुढे रडता येतं, माझ्यापुढे नाही? फार लागलं मला. जाऊ नका म्हणून सांगू का?
— एक वाचक, ठाणे

सप्रेम नमस्कार.

जाऊ नका असं मुळीच सांगू नका. लागलं ते साहजिक आहे, पण एक सांगा, दागिने मोडल्याची खंत त्यांनी तुमच्यापाशी काढायची तरी कशी? दागिने तुमचेच. त्यांनी विषय काढला की तुम्ही म्हणणार, ‘जाऊ द्या हो, दागिने काय, पुन्हा होतील.’ म्हणजे ज्यांचं गेलं त्याच समजूत घालायला बसणार, आणि त्यांच्या डोक्यावर तुमची आणखी एक उधारी चढणार. गटातल्या माणसांचं त्यांच्याशी घेणं ना देणं. तिथे कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाचं कोर्टात चाललेलं असतं, कुणी बायको गेल्यावर पहिल्यांदाच कुकर लावायला शिकत असतो. अशा माणसांपुढे रडलं तर घर हादरेल अशी भीती नसते.

या गटांत जादू काही नसते. आठ-दहा खुर्च्या गोल मांडलेल्या, मोबाइल बंद, एक बोलतो आणि बाकीचे मध्ये तोंड घालत नाहीत. विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. (हा नियम आपल्या पुरुषांना किती जड जात असेल, मला कल्पना आहे.) मुख्य म्हणजे, इथलं इथेच ठेवायचं. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात एक शेअरदलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारूच्या आहारी गेलेले, एकमेकांना सावरायला लागले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभं राहिलं. कोण आलं, काय बोललं हे बाहेर न्यायचं नाही, ही तिथली शिस्त. दारूशी संबंध नसलेले स्वमदत गटही ती पाळतात, कारण ती मोडली की माणसं बोलायची थांबतात.

तुमच्या बाबतीत ती मोडली आहे, आणि मला खरा राग आलाय तो याचा. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी घरी जाऊन ते सांगायला नको होतं, वहिनींनी ते भाजीच्या परातीवर तुमच्यापुढे ठेवायला नको होतं. मिस्टरांना अंधारात ठेवू नका. ऐकलेलं लपवलंत आणि उद्या त्यांना दुसरीकडून कळलं, तर गटावरचा आणि तुमच्यावरचा असा दोन्ही विश्वास एकदम जाईल. मात्र काय कळलं ते घोळवत बसू नका. एवढंच म्हणा, ‘गटातली एक गोष्ट माझ्या कानावर आली. मी ती पुढे नेलेली नाही, नेणारही नाही. पण तिथलं बाहेर येतंय, गट चालवणाऱ्यांना सांगा.’ पुढे जायचं की नाही, दुसरा गट शोधायचा का, हे त्यांना ठरवू द्या. चिडतील. एखादा गुरुवार बुडवतीलही. चालेल.

बोलायचं म्हणून त्यांना समोर बसवून ‘आता सांगा’ असं मात्र करू नका. ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात निवृत्त, एकट्या पडलेल्या पुरुषांसाठी ‘मेन्स शेड’ नावाच्या सामायिक सुतारशाळा निघाल्या. रंधा मारता मारता, कुणाकडे न बघता, शेजारी उभ्या माणसाशी ही मंडळी मनातलं बोलू लागली. आपल्याकडच्या पुरुषांचंही फार वेगळं नाही, लोकलच्या दारात उभे राहून ते जेवढं बोलतात तेवढं सोफ्यावर बसून बोलत नाहीत. जेवणं झाली की उपवन तलावावर एक चक्कर मारा दोघं. बोलले तर ऐका, नाही बोलले तर पाय मोकळे होतील.

आता जरा कडू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या, त्यांत १,२२,७२४ पुरुष होते. घाबरवायला सांगत नाही, तुमच्या मिस्टरांची लक्षणं तशी दिसत नाहीत आणि ते बोलतायत ही चांगलीच गोष्ट आहे. पण गट म्हणजे डॉक्टर नव्हे. झोप उडाली, जेवण तुटलं, पिणं वाढलं, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशी भाषा आली, तर पुढच्या गुरुवारची वाट पाहू नका. असं काही म्हणाले, तर ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असं सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. आणि त्यांना एकटं सोडू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय तर तुमच्या गावातच आहे. तिथे ओपीडीत जाणं म्हणजे वेड लागलं असं नसतं, हे तुमच्या सासरच्यांना समजवावं लागलं तर समजवा.

तुमच्या पत्रात ‘मला फार लागलं’ हे एकच वाक्य तुमच्याबद्दल आहे, बाकी सगळं ह्यांच्याबद्दल. दोन वर्षं निम्म्या पगारात घर तुम्हीही ओढताय, दागिने तुमचे गेलेत. ते कुणाला सांगितलंत? बहीण असेल, माहेरची मैत्रीण असेल, नाहीतर एखादी समुपदेशक गाठा. नवऱ्याने मन मोकळं केल्याशिवाय आपण करायचं नाही असा काही नेम नाही.

आणि खालच्या वहिनींशी अबोला धरू नका, एका जिन्यावरचं नातं आहे. एकदा स्पष्ट सांगा, ‘वहिनी, तिथलं मला सांगू नका, आणि आमचं दुसऱ्या कुणाला सांगू नका.’ तरीही भाजी निवडताना विषय निघालाच, तर परात उचला आणि आपल्या ओट्यावर जाऊन निवडा.

तुमची,
ताई