पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान पाहिलंय, मग जपानमधल्या ओकायामा शहरातली कोराकुएन बाग पाऊण तासात उरकेल का?

नाही उरकणार. तेवढाच वेळ असेल तर गाडीतून उतरूच नका.

‘पुण्यातलं पाहिलं म्हणजे तेच ते’ हे वाक्य ऐकून कान किटलेत, म्हणून लिहितोय. पुण्याचं उद्यान कोराकुएनवरूनच बेतलंय आणि छान आहे. पण कोराकुएन १३.३ हेक्टर, म्हणजे जवळजवळ ३३ एकर. आणि मुद्दा नुसत्या आकाराचा नाहीच. इकेदा त्सुनामासा या सरंजामदाराने १६८७ मध्ये काम काढलं, ते १७०० मध्ये पुरं झालं, ते जागोजागी टेकून बाग बघता यावी म्हणून. आपण मात्र ती पायाखाली घालतो, फोटो काढतो आणि म्हणतो, ‘नुसती हिरवळच तर आहे!’

आधी र्‍यूतेन या विसाव्याच्या इमारतीपाशी जा. खाली भिंती नाहीत, नुसते खांब. बागेतला ओढा थेट इमारतीच्या मधून वाहतो, पात्रात सहा रंगीत दगड बसवलेत, दोन्ही अंगांना लाकडी जमीन. बूट काढून काठाशी बसा. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात बागेतल्या बहुतेक वास्तू जळाल्या, ही वाचली. इथे खाली बसलं की नजर हिरवळीच्या पातळीवर येते आणि बागेची मापं कळायला लागतात. युइशिन्झान ही टेकडी जेमतेम सहा मीटर उंच, पण भोवती सगळं सपाट ठेवल्यामुळे ती डोंगरासारखी भासते. मग तिच्यावर चढा. तळं, बेटं आणि नदीपलीकडचा काळा किल्ला एका नजरेत येतात. किल्ला बागेच्या हद्दीत नाही, तरी चित्र त्याच्याशिवाय पुरं होत नाही. तो दक्षिणेकडे आहे, म्हणून भर दुपारी फोटोत नुसता काळा ठिपका येतो.

‘चहाघर’ शब्दाने बरेच जण फसतात. तळ्यातल्या बेटावरचं शिमाजाया किंवा रेन्चिकेन ही मालकाच्या विसाव्याची ठिकाणं, तिथे कोणी चहा आणून देत नाही. एन्योतेई हे मुख्य घर (१९६० मध्ये पुन्हा बांधलेलं) एरवी बाहेरूनच पाहायचं. माच्चा (हिरव्या चहाची पूड घुसळून केलेला चहा) हवा तर बागेतल्या विक्रीच्या दुकानात मिळतो. आधी गोड पदार्थ संपवा, मग वाडगा डाव्या तळव्यावर ठेवून उजव्या हाताने थोडा फिरवा आणि प्या. गोड आणि चहा आलटून पालटून घेतलं की कडूपणाची गंमत जाते. बागेत चहाचा छोटा मळाही आहे. जपानात चहा रुजवणारा एइसाई हा भिक्षू याच भागातला.

स्टेशनवरून ट्रामने शिरोशिता थांब्यापर्यंत, पुढे दहा मिनिटं पायी. सामान स्टेशनच्या लॉकरमध्येच टाका, वाटांवर खडी आहे, चाकं रुततात. उन्हाळ्यात साडेसातला, हिवाळ्यात आठला दार उघडतं; उघडताच आत शिरा आणि किमान दोन तास ठेवा. परतताना दक्षिण दाराने निघून त्सुकिमी पूल ओलांडला की किल्ला.

एक मात्र आहे. हिवाळ्यात ही हिरवळ वाळून पिवळी पडते, फेब्रुवारीच्या सुरुवातीला तर मुद्दाम जाळतात. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्यावर सावली मिळत नाही. हिरवंगार पुण्यासारखंच हवं असेल तर मे-जूनमध्ये जा.