थर्मामीटर कपाटात कशाला ठेवलाय, भाऊ?

नागपुरातल्या मानेवाड्याहून एका वडिलांचं करिअरचा सल्ला विचारणारं पत्र आलंय, चार पानी आहे म्हणून आधी सार सांगते. मुलीने नीट, म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा, तीनदा दिली, एकदा बारावीसोबत आणि मग दोन ड्रॉप (वर्षभर थांबून पुन्हा), मार्क ३८० वरून कसेबसे ४१० वर आले. आता वडिलांचा प्रश्न असा की तिसरा ड्रॉप नागपुरातच द्यायचा, लातूरला पाठवायचं, का काटोलकडची दोन एकर संत्र्याची बाग विकून मॅनेजमेंट कोट्यातून सीट घ्यायची. आणि शेवटी तक्रार: मुलगी म्हणते मला डॉक्टर नाही व्हायचं, मला "लोक जिथे राहतात आणि काम करतात तिथे ते आजारी काहून पडतात" ते शोधायचंय. असल्या रिसर्चच्या नादाने तिने सगळा मे महिना वाया घालवला, त्याचा पुरावा म्हणून एका वहीच्या तीन पानांचे फोटो जोडलेत.

तर भाऊ, लातूर का नागपूर ते नंतर बघू, किंवा नाहीच बघणार. आधी तुमच्या पत्रातल्या दोन ओळी ज्यावर मी अडकले.

तुम्ही लिहिलंय "आम्ही तिच्यावर कसलंही प्रेशर टाकत नाही". आणि त्याच पानावर खाली लिहिलंय की दोन वर्षांत तिला एकाही लग्नाला नेलं नाही, कारण नातेवाईक विचारतात आणि मग सांगावं लागतं. म्हणजे पाहुण्यांसमोर तुमची पंचाईत नको म्हणून पोरगी घरी. सख्ख्या मामेबहिणीच्या हळदीला पण नाही. हे प्रेशर नाही तर मग काय असतं बाप्पा? रागावून ओरडलं तरच प्रेशर असतं असं थोडीच आहे, एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला घरात लपवून ठेवणं हे ओरडण्यापेक्षा जास्त लागतं, आणि ते तिला नीट कळलेलं असणार, मुलींना असलं लवकर कळतं.

दुसरी ओळ त्याहून वाईट आहे आणि तुम्ही ती खुशीत लिहिलीय. "जूनच्या शेवटी थर्मामीटर जप्त करून कपाटात ठेवले तेव्हापासून वही बंद झाली, आता ती जेवतानाही बोलत नाही, दार लावून बसते, फोकस आला आहे." भाऊ, हा फोकस नाही. रोज दुपारी गच्चीवर चढून आकडे लिहिणारी मुलगी एकदम गप्प झाली, जेवणात लक्ष नाही, दार बंद, याला आमच्या धंद्यात कोणी फोकस म्हणत नाही. तिच्याशी बोला, आज बोला, अभ्यासाचा विषय न काढता. तिला तुमच्याशी बोलायचं नसेल तर आईला, मावशीला कोणालाही बसवा, आणि झोप-जेवण सुधारत नसेल किंवा मरणाबिरणाची भाषा निघाली तर वाट न बघता मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे १४४१६, फुकट आहे, तिथे पालकांनी फोन केला तरी चालतो. बाकी पत्राचं उत्तर यानंतर वाचलं तरी हरकत नाही.

आता वहीचं. तुम्ही फोटो पाठवले ते तिची चूक दाखवायला, पण ती पानं तुम्ही स्वतः वाचलीत का हो? मी दोनदा वाचली.

तुमच्या गच्चीवर टिनाची खोली आहे, त्यात इस्त्रीवाले नवरा-बायको राहतात आणि तिथेच धंदा करतात. पोरीने पेपर झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीत एक थर्मामीटर टांगला आणि एक खाली तुमच्या स्लॅबच्या हॉलमध्ये. दुपारी ३ आणि रात्री ११, रोज. मेच्या मध्यावर दुपारी टिनात ४४, स्लॅबखाली साडेअडतीस. हे कोणीही सांगेल की टिन तापतं. पण रात्रीचे आकडे बघा, टिन ३४ आणि स्लॅब ३७! पत्रा पातळ असतो, झटकन तापतो आणि झटकन निवतो, स्लॅब दिवसभर ऊन पिऊन बसतो आणि रात्री तुमच्या डोक्यावर ओततो, म्हणून तर नागपुरात जुने लोक संध्याकाळी गच्चीवर पाणी मारतात. आणि बाजूला तिने लिहिलंय, "काकू म्हणतात आता इस्त्री रात्री १० नंतर करतात, दुपारी डोकं दुखतं, चक्कर येते." याला तुम्ही म्हणता भाडेकरणीशी गप्पा. आधी मोजायचं, मग त्या जागेत राबणाऱ्या माणसाला विचारायचं, मग दोन्ही शेजारी ठेवून बघायचं, तिला जायचंय त्या क्षेत्रातलं निम्मं काम तर हेच असतं.

दुसरं पान. तिथे तिने दुसऱ्या थर्मामीटरच्या बल्बला ओली बँडेजपट्टी गुंडाळलीय, ज्याच्यावर तुम्ही "पोरखेळ" म्हणून शेरा मारलाय. याला वेट बल्ब म्हणतात भाऊ. घाम सुकला की अंग गार होतं, आणि हवा दमट असली की घाम सुकत नाही, तर अंगाला खरी गर्मी किती लागते ते नुसत्या आकड्यातून कळत नाही, ओल्या बल्बवरून कळतं. तुमचा कूलर याच तत्त्वावर चालतो. तिचे आकडे: मेमध्ये कोरडा ४४ आणि ओला २४, म्हणजे २० चा फरक, म्हणून मेमध्ये कूलर मस्त चालतो. २० जूनला कोरडा ३६ आणि ओला २८, फरक उरला ८. नागपूरच्या प्रत्येक माणसाला माहीत आहे की पहिला पाऊस पडला की कूलर बिनकामाचा होतो, वरून नुसतं चिपचिप होतं, पण ते असं दोन थर्मामीटर आणि एका पट्टीवर मांडून दाखवलेलं मी तरी कोणत्या बारावीवाल्याकडे पाहिलं नाही.

तिसरं पान मला सगळ्यात आवडलं. २८ मेला तिने टिनावर चुना मारला (तुम्ही लिहिलंय "फासला", ठीक आहे, चुन्याचे पैसे तुमचे गेले). पांढरं छप्पर ऊन परत फेकतं, अहमदाबादला वस्त्यांमध्ये हेच करतात, २०१० च्या उन्हाळ्यात तिथे खूप लोक दगावले आणि त्यावरून २०१३ ला त्यांनी उष्णतेचा आराखडा केला, शहर म्हणून देशात पहिला. तर चुन्यानंतर टिनाची खोली दुपारी ४० वर आली. चार डिग्री उतरली! दुसरं कोणी असतं तर इथेच नाचलं असतं. तिने पुढे काय लिहिलंय, ज्याची तुम्ही थट्टा केलीय, नुसतं "ढग?" आणि प्रश्नचिन्ह. म्हणजे तिला शंका आली की हे चुन्याने झालं का त्या आठवड्यात आभाळ आलं म्हणून झालं. आणि उत्तर पण तिच्याच वहीत आहे, खालचा स्लॅबचा हॉल त्याच दिवसांत साडेअडतीसवरून ३७ वर आला, तिथे तर चुना मारला नव्हता, म्हणजे दीड डिग्री ढगांच्या नावावर आणि उरलेली अडीच चुन्याची, साधारण. साधारणच, कारण टिन आणि स्लॅब ढगाला सारखे वागत नाहीत, खरं तर दोन टिनाच्या खोल्या हव्यात, एक चुन्याची एक बिनचुन्याची. हे तिला सांगा, तिला पटेल. स्वतःच्या आनंदाच्या आकड्यावर स्वतःच शंका घेणं, हे एमएस्सी झालेल्यांना पण शिकवताना नाकी नऊ येतात.

(आणि एक, हे करिअरचं नाही पण सांगते. इस्त्री कोळशाची असेल तर ती खोली रात्री बंद ठेवून चालणार नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, खिडकी उघडी राहील हे घरमालक म्हणून तुम्हीच बघायचं. भाडं तुम्ही घेता ना.)

आता तो एक गैरसमज जो तुमच्या पत्रात तीनदा आलाय आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या पालकाच्या डोक्यात असतो: आरोग्याचं काम म्हणजे डॉक्टर, आणि जो डॉक्टर होऊ शकला नाही तो रिसर्चला जातो. २०१७ चं यवतमाळ आठवा. कपाशीवर फवारणी करता करता वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, शेकडो भरती झाले. दवाखान्यात डॉक्टरांनी जे करायचं ते केलं, फवारणीतल्या ऑर्गनोफॉस्फेट जातीच्या विषाने नसांचं काम बिघडतं, त्याला ॲट्रोपीन देतात, जीव वाचवतात. पण पेशंट येतच होते, कारण कारणं सगळी शेतात होती. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, डोक्याच्या वर वाढली होती त्यामुळे फवारा तोंडावर, दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळलेली, अंगात साधा शर्ट, घामाने भिजलेला, वरून उकाडा. आणि इतकं फवारायची वेळ का आली, तर बोंडअळीला स्वतःच मारणारा बीटी कापूस २००२ ला आला आणि पुढे गुलाबी बोंडअळी त्याला पचवायला शिकली. यात अळीचा अभ्यास करणारा लागतो, विषाचा लागतो, कपडा आणि पंप सुधारणारा लागतो, उकाड्यात माणूस मास्क का काढून टाकतो हे समजणारा लागतो. यातला कोणीही नीटमध्ये नापास झाला म्हणून तिथे नाही गेला. डॉक्टर आलेल्या माणसाला बरा करतो, हे लोक माणूस दवाखान्यात येऊच नये म्हणून राबतात, आणि त्यांचे आभार कोणी मानत नाही हेही खरं.

आणि तुम्ही राहता कुठे, नागपुरात! नीरी ही पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९५८ पासून इथे आहे, नाव आज पर्यावरणाचं असलं तरी सुरुवात पब्लिक हेल्थ इंजिनिअरिंग म्हणून झाली, पाण्यातला फ्लोराइड तुरटी आणि चुन्याने काढायची नलगोंडा पद्धत त्यांचीच. वर्धा रोडला केंद्रीय कापूस संशोधन संस्था. अमरावती रोडला मातीची संस्था आणि लिंबूवर्गीय फळांची संस्था. वाडीला खाण कामगारांच्या आरोग्याची संस्था, जी पुढे अहमदाबादच्या व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत विलीन झाली, धूळ फुफ्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो ते असलेच लोक बघतात. तुमच्या त्या काटोलच्या बागेत पावसाळ्याआधी खोडाला बोर्डो मलम लावता ना, डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, येऊ नये म्हणून? ते काय आभाळातून पडलं का. कोणीतरी कुजलेली मुळं धुऊन, तपासून, वर्षानुवर्षं झाडं मोजून ते काढलंय, आणि ती वाचलेली बाग विकून तुम्ही पोरीला त्याच कामापासून लांब न्यायला निघालात. बाग विकू नका. यावर मी दुसरं वाक्य लिहिणार नाही.

रस्ते सांगते, पटकन. आयसर, म्हणजे केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, त्यांच्या परीक्षेला बारावी होऊन किती वर्षं झाली याची अट असते, तर ते दार तिच्यासाठी अजून उघडं आहे का ते आधी बघा. बीएस्सी ॲग्री राज्याच्या एमएचटी-सीईटी प्रवेश परीक्षेवरून, नागपुरातच महाराजबागेचं कृषी महाविद्यालय आहे, १९०६ चं, अकोल्याच्या विद्यापीठाचं. नाहीतर साधी बीएस्सी, पर्यावरण, मायक्रोबायॉलॉजी किंवा झूलॉजी घेऊन, आणि सोबत स्टॅटिस्टिक्स शिकायचंच, मग एमएस्सी नाहीतर पब्लिक हेल्थ, मग नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठी दरमहा फेलोशिप मिळवून देणारी परीक्षा. तारखा आणि नियम वेबसाइटवर बघा, दरवर्षी बदलतात.

गोड गोड सांगणार नाही. पक्क्या जागा कमी आहेत, प्रोजेक्टवर सहा महिने-वर्षाची कॉन्ट्रॅक्टं असतात, फेलोशिपचे पैसे अडकतात, पहिली धड नोकरी लागेपर्यंत तिशी येते. पण पीएचडी म्हणजे बापाने पैसे भरायचे असं जे तुम्ही लिहिलंय ते उलटं आहे, जेआरएफ मिळाली तर महिन्याला ३७,००० आणि वर घरभाडं मिळतं, दोन वर्षांनी ४२,०००. मिळवायला कठीण आहे, गर्दी मोठी असते. आणि काम दिसायला काही भारी नसतं. माझ्याकडून गेलेला एक मुलगा कपाशीवर काम करतो, त्याची सकाळ कामगंध सापळ्यातले (मादीच्या वासाने ओढले गेलेले बोंडअळीचे) पतंग मोजण्यात जाते, एका सापळ्यात रात्रीला आठ, असं सलग तीन रात्री झालं की शेतकऱ्याला सांगायचं आता फवार, त्याआधी नाही. मग बोंडं फोडायची आणि आत अळी आहे का बघायची, दिवसाला शंभर-दोनशे. हाताला पऱ्हाटीचे ओरखडे. त्याच्या आईला अजून वाटतं पोरगा शेतातच राबतो मग शिकवलं कशाला. तुमच्या मुलीला हे चालेल का ते तिलाच विचारा, एकदा त्या संस्थांच्या शेतावर घेऊन जा, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या आसपास बऱ्याच संस्था दारं उघडतात, तोवर थांबायचं नसेल तर रीतसर पत्र लिहून विचारा. तिला आवडलं नाही तर नाही आवडलं, मग आणखी बघू. आणि तिला स्वतःला चौथ्यांदा नीट द्यायची असेल, स्वतःला, तर तेही ऐकेन मी, पण ते तिच्या तोंडून.

म्हणून पुढचं पत्र तुम्ही नका लिहू, तिला लिहू द्या, आणि वाचून मग पाठवायचं असलं काही करू नका. थर्मामीटर कपाटातून काढून तिच्या हातात द्या, दोन्ही. ऑक्टोबर हिटची रीडिंग राहिलीयत तिची. आणि जमलं तर या वेळी टिनाच्या अर्ध्या भागालाच चुना मारायला सांगा, शिडी तुम्ही धरा.